हसऱ्या देवीचा कौल

लिन कुटुंबाच्या घरातली देवी हसरी आहे, हे सगळ्या वांगगोंग गावाला माहीत होतं.

देवी म्हणजे मात्सू, दर्यावर पोट असलेल्यांची माय. गावच्या देवळातली मात्सू मोठी, तिच्या अंगावर जरीची वस्त्रं आणि समोर कायम गर्दी. लिनांच्या माडीवरची मात्सू मात्र जेमतेम वीतभर उंच, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या उदबत्त्यांनी तिचा चेहरा काजळासारखा झालेला. तिला काही विचारायचं तर कौल लावायचा. कौलाचे लाकडी तुकडे दोन, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला पोट सुटलेले. प्रश्न विचारून ते जमिनीवर सोडायचे. एक उताणा, म्हणजे सपाट अंग वर करून, आणि एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. आणि दोन्ही उताणे पडले की ते आपल्या गोल पोटांवर डुलत राहतात, हसू आवरेनासं झालेल्या माणसासारखे. मग म्हणायचं, देवी हसली. तुझा प्रश्नच चुकलाय, नीट विचार.

लिनांची मात्सू ऊठसूट हसायची. कुणाचं लग्न असो, ट्रॅक्टर घ्यायचा असो की दात काढायचा असो. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार मिळावे लागतात, त्यामुळे ह्या घरात मोठी कामं सावकाश व्हायची.

आणि आता युनशीला आमाला परदेशात न्यायचं होतं.

आमा म्हणजे तिची आजी. लग्न होऊन ह्या घरात आली त्या दिवसापासून एकही रात्र तिनं गावाबाहेर काढली नव्हती. सकाळी देवीपुढे चहाच्या तीन वाट्या ठेवायच्या, मग रबरी बूट घालून कालवं फोडायच्या शेडमध्ये जायचं, संध्याकाळी ओआ नावाच्या काळ्या कुत्र्याला शिव्या देत खायला घालायचं, असा तिचा नेम. बाकीची मंडळी दोन वर्षांनी एकदा परदेशी फिरून येत. दर वेळी कुणीतरी विचारायचं, "येतेस का?" दर वेळी आमा म्हणायची, "नको, तुम्ही जा. मी आहे घरी." आणि ते जायचे.

ह्या वेळी युनशीनं मनावर घेतलं होतं, त्याला कारण एक फोटो होता. भौतिकशास्त्राची पदवी हातात पडल्यावर ती मैत्रिणींबरोबर जपानच्या मियाको बेटावर जाऊन आली होती. तिथल्या समुद्रात ती छातीएवढ्या पाण्यात उभी आहे, आणि फोटोत तिचे दोन्ही पाय दिसताहेत, अगदी बोटांसकट. आमानं तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे पाय तुझे?"

"माझेच."

"पाण्यात आहेत?"

"पाण्यातच, आमा."

"खोटं सांगू नकोस. समुद्रात पाय दिसतात होय?"

वांगगोंगचा समुद्र दुधाळ चहाच्या रंगाचा. नद्या गाळ आणून ओततात, ओहोटीला मैलभर नुसता चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात बांबूंना लटकलेली कालवं. घोटाभर पाण्यात उतरलं की पाऊल दिसेनासं होतं. आयुष्यभर आमा त्या पाण्यात उतरली होती ती तळ पायानंच चाचपत.

तिनं फोन परत दिला आणि नुसतं "हं" केलं. पण दुसऱ्या दिवशी कालवं फोडता फोडता म्हणाली, "तो पायांचा फोटो दाखव बघू पुन्हा." त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा. शेजारच्या छाय काकूंनाही तिनं तो दाखवायला लावला, आणि वर त्यांना बजावलं, "शास्त्र शिकलीय ती, थापा नाही मारणार."

जानेवारीत युनशी पुढच्या शिक्षणासाठी नेदरलंड्सला जाणार होती. परत कधी, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. आमाचे गुडघे तर आत्ताच जिना चढताना कुरकुरत होते. म्हणून तिनं ठरवलं होतं, ह्या वर्षी आमाचे पाय आमाला दाखवायचे.

*

शरदातल्या पौर्णिमेचा सण होऊन गेला होता आणि घरात पपनसांचा ढीग उरला होता. जेवण झाल्यावर बाबा सुरीनं एकेक सोलत होते. आत्यानं एका सालीची टोपी करून ओआच्या डोक्यावर ठेवली होती. तो अपमान गिळून बसला होता.

"तर मग," आत्यानं फोन टेबलावर आपटला, "बेट कुठलं? मी सांगते, थायलंडमधलं. पाण्यातून उभे कडे वर आलेत बघा, हिरवेगार. समोर भाजलेले माकूळ मासे, आणि मागे एक बाई आपले पाय चोळून देतेय. वर्षभर मी गावातल्या बायकांची डोकी धुते. आता कुणीतरी माझे पाय धुवा."

"जेजू," बाबा म्हणाले. ते चिखलात चालणाऱ्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती करायचे आणि पोहता येत नाही हे कधीच कबूल करायचे नाहीत. "कोरियात. डोंगर आहे, घोडे आहेत, संत्र्यांच्या बागा आहेत. हवा थंड."

"आणि समुद्रात उतरावं लागत नाही," आत्या म्हणाली.

"मी उतरायला भितो असं म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं? तुझा चेहराच म्हणाला."

मग ती युनशीच्या आईकडे वळली. "वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

युनशीची आई शाळेच्या भटारखान्यात रोज तीनशे पोरांचा भात शिजवायची. ती पपनसाची फोड सोलत म्हणाली, "जिथे मला चूल दिसणार नाही ते कुठलंही बेट."

"मियाको," युनशी म्हणाली. "आमाला पाणी दाखवायचंय."

सगळ्यांनी आमाकडे पाहिलं. आमा पपनसाच्या बिया ताटलीत एका रांगेत लावत होती.

"मला कशाला मध्ये घेता," ती म्हणाली. "मात्सूमाय म्हणाली तर बघू."

बाबांनी सुरी खाली ठेवली. ह्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता.

मंडळी माडीवर गेली. आमानं उदबत्ती लावली आणि रीतीप्रमाणे देवीला आपलं नाव, जन्मतारीख आणि घरचा पत्ता सांगितला, जणू त्या माडीवर बसून देवीला पत्ता माहीत नसावा. मग म्हणाली, "पोरं म्हणतात मियाको बेटावर जायचं. जाऊ का मी?"

तुकडे पडले, दोन्ही उताणे. डुलले.

"हसली," आत्या म्हणाली. "आता माझं थायलंड विचार."

थायलंडला देवी हसली. जेजूला तर एक तुकडा डुलता डुलता दुसऱ्याला जाऊन टेकला, खांद्याला खांदा लावून हसावं तसा.

"तिन्ही बेटं तिला पसंत दिसतात," बाबा म्हणाले.

"तिन्ही प्रश्न चुकलेत," आमा म्हणाली. तुकडे उचलून देवीच्या पायाशी ठेवले आणि गुडघा धरत जिना उतरली. तिच्या पाठीकडे बघताना युनशीला वाटलं, आमाला वाईट वाटलंय. पण सुटल्यासारखंही वाटलंय. हे दोन्ही एकाच पाठीत कसं मावतं ते तिला कळेना.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आमा शेडमध्ये होती तेव्हा युनशी माडीवर गेली. देवीला नमस्कार करून म्हणाली, "प्रश्न नाहीये. नुसतं बघतेय." आणि तुकडे उचलले.

तिचा स्वभावच तसा होता. शाळेत असताना एका रविवारी तिनं नळाचा थेंब किती वेळानं पडतो हे दिवसभर बसून मोजलं होतं. आता ती माडीच्या फरशीवर मांडी घालून तुकडे टाकत राहिली. पुन्हा टाकले, पुन्हा टाकले. दर खेपेला काय पडतंय ते लक्षात ठेवत गेली. थोड्याच वेळात शंका उरली नाही. दहा वेळा टाकले तर सात-आठ वेळा देवी हसत होती.

तिनं एक तुकडा उजेडात धरला. पोटाकडची बाजू गोल असायला हवी होती, पण मधोमध तिथे रुपयाएवढा सपाट चट्टा होता, आणि कडेला बारीक खड्डे. दुसऱ्याचंही तसंच. तिनं खड्ड्यांवरून बोट फिरवलं, आणि मग दारात शेपटी हलवत उभ्या असलेल्या ओआकडे पाहिलं.

"तू?" ती म्हणाली.

ओआनं नजर चुकवली.

तेव्हा कोडं उलगडलं. पोट कुरतडून सपाट झालेला तुकडा त्याच बाजूवर बसणार, उताणाच पडणार. दोन्ही उताणे, म्हणजे हसू. ह्या घरची देवी हसरी होती कारण पिल्लू असताना ओआला दात येत होते.

युनशीला आधी खूप हसू आलं. मग तिनं आणखी प्रयोग केले, आणि त्यात तिला आणखी एक गोष्ट कळली. ही गोष्ट मात्र तिला आवडली नाही. तुकडे ओंजळीतून वरून सोडले तर हसू येतं. पण गुडघ्याच्या उंचीवरून, मनगटाला जरा पीळ देऊन टाकले तर एक तुकडा भिंगरीसारखा फिरतो आणि हटकून पालथा पडतो. एक उताणा, एक पालथा. म्हणजे होकार. तिनं तीनदा तसं टाकून पाहिलं. तीनही वेळा होकार.

आता नुसतं एवढंच करायचं, की आमाला म्हणायचं, मी टाकते. मियाको झालंच म्हणून समज.

तिनं तुकडे जागेवर ठेवले आणि देवीकडे बघायचं टाळून खाली आली.

*

शेडमध्ये बायका अर्धवर्तुळात बसून कालवं फोडत होत्या. आमाचा हात यंत्रासारखा चालला होता: सुरीचं टोक फटीत, मनगट वळवायचं, कालव वाटीत, शिंपला ढिगावर. युनशी शेजारी उकिडवी बसली आणि सगळं सांगून टाकलं. चट्टे, दात, ओआ, सगळं. गुडघ्याच्या उंचीचं तेवढं सांगितलं नाही.

"म्हणून म्हणते, आमा, आपण गावच्या देवळात जाऊन कौल लावू. तिथले तुकडे चांगले आहेत."

आमाचा हात थांबला नाही. "तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं? ओआच्या तोंडातून ते मीच काढले. बोटाला चावला होता मेला."

"मग बदलले का नाहीस?"

"नवे आणले असते तर ती पटकन हो म्हणायला लागली असती." आमानं शिंपला ढिगावर फेकला. "झटकन हो म्हणणारी देवी काय कामाची? ह्या तुकड्यांनी हो म्हणायचं तर तिला मनापासून म्हणावं लागतं."

छाय काकू पलीकडून म्हणाल्या, "बघ, तुझं शास्त्र हरलं."

"हरलं नाही, काकू," युनशी म्हणाली. "पण त्याला तोंड उघडता येईना एवढं खरं."

बायका हसल्या. आमाही हसली, पण युनशीनं पाहिलं, तिची सुरी क्षणभर हवेत थांबली होती. मग ती हळूच म्हणाली, "तू तुझं बुकिंग कर गं. माझं काही ह्या वयात पाय बघितले नाहीत म्हणून अडणार नाही."

पाय, असं आमा म्हणाली होती. बेट नाही, समुद्र नाही. पाय.

*

आठवडा गेला. आत्यानं रविवारी सकाळी जाहीर केलं की तिन्हीकडच्या विमानांच्या जागा भरत चालल्यात आणि आज तिकिटं काढली नाहीत तर सगळ्यांनी वांगगोंगच्याच चिखलात फिरायला जावं.

"शेवटचं विचारते. चार की पाच?"

"चार," आमा म्हणाली. "घर रिकामं टाकून कसं चालेल?"

"रिकामं काय त्यात?" बाबा म्हणाले. "कुलूप लावू."

"आणि घरात आहे त्याचं काय?"

"ओआला छाय काकूंकडे ठेवू. त्या त्याला रोज मासा घालतील. परत यायचं नाव घेणार नाही तो."

"मी ओआचं म्हणत नाहीये."

आमानं हनुवटी किंचित वर केली, छताकडे. सगळ्यांनी वर पाहिलं. वर माडी होती.

"त्या चहाचं म्हणता का, आई?" युनशीच्या आईनं विचारलं. "तो छाय काकू ठेवतील की सकाळी."

"छाय चांगली बाई आहे. पण घरची नाही." आमानं ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल सरळ केला. "माझी सासू मला पहिल्या सकाळी म्हणाली, ह्या घरातला पहिला चहा तिचा. तेव्हापासून एक सकाळ चुकली नाही. तुझा नवरा जन्मला त्या सकाळीसुद्धा मी भिंत धरून वर गेले होते. आता एकदम पाच दिवस तिनं कुलूपबंद घरात एकटीनं बसायचं? घरात सहा जण राहतात. पाच जण मजा करायला जाणार आणि सहावीला विचारायचंसुद्धा नाही?"

युनशीच्या डोक्यात आतापर्यंत विचारलेले प्रश्न ओळीनं उभे राहिले. मी जाऊ का. आम्ही जाऊ का. मियाकोला जाऊ का, थायलंडला, जेजूला. सगळे प्रश्न 'आम्ही'चे होते, आणि त्या 'आम्ही'त देवी कुठेच नव्हती.

"मग तिलाही नेऊ या," ती म्हणाली.

"देवीला?" बाबा म्हणाले. "विमानात?"

"का नाही?" आत्या उसळली. "देवळातली मोठी मात्सू दर वर्षी पालखीत बसून गावोगाव मिरवते. आमची बिचारी माडीवरून खाली उतरली नाही कधी. आई, तू हे आधी का नाही बोललीस?"

"मी कसं बोलणार? मोठ्या माणसानं आपण होऊन 'मलाही न्या' म्हणायचं असतं का? ते पोरांनी म्हणायचं. आग्रहानं."

हे वाक्य टेबलावर पडलं आणि तिथेच राहिलं. युनशीच्या आईला सगळ्यांत आधी उमजलं. तिनं हातातला कप खाली ठेवला.

"आई, आम्ही तुम्हाला आजवर किती वेळा विचारलं, येता का म्हणून?"

"दर खेपेला विचारलंत ना. एकदा."

"तुम्ही नको म्हणालात."

"म्हणाले."

"आणि आम्ही बरं म्हणालो."

"लगेच म्हणालात," आमा म्हणाली.

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ह्याच गावात कुणाच्या घरी गेलं की चहाला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. टपालवाल्यालाही ही रीत पाठ होती. बाबा स्वतः छाय काकूंच्या दारात पपनस घेऊन तीनदा आग्रह करत उभे राहत. आणि स्वतःच्या आईचं पहिलंच 'नको' त्यांनी इतकी वर्षं खरं मानलं होतं.

ते उठून आमासमोर उभे राहिले आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसे ताठ होऊन म्हणाले, "आई, आमच्याबरोबर फिरायला चल."

"नको रे. तुम्ही जा."

"चल ना गं."

"तुमच्यात म्हातारीचं लोढणं कशाला?"

"तू यायलाच हवंस. नाहीतर मी पण नाही जात."

आमानं दोन्ही हातांनी टॉवेलाची टोकं धरली. "आता इतकं म्हणतोयस तर," ती म्हणाली, आणि तिचे गाल एखाद्या पोरीसारखे लाल झाले. "पण आधी तिला विचारा. तिलाही तितकंच."

*

माडीवर सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. चहाच्या वाट्यांतून अजून वाफ निघत होती.

"मी विचारलं तर आपल्याच पोळीवर तूप ओढल्यासारखं," आमा म्हणाली. "युनशी, तू विचार. बेत तुझा आहे. टाक तूच."

तुकडे युनशीच्या हातात आले. गुडघ्याच्या उंचीवरून, मनगटाला पीळ. एवढंच करायचं होतं. तीन होकार, आणि आमाचे पाय. कुणाला कळणार नव्हतं. तिनं आमाकडे पाहिलं. आमा हात जोडून, डोळे मिटून उभी होती.

तुझं शास्त्र हरलं, छाय काकू म्हणाल्या होत्या. हरलेलं चालेल, युनशीच्या मनात आलं, लबाड झालेलं नको. तिनं हात वर नेले, आमा न्यायची तसे कपाळापर्यंत.

"मात्सूमाय, मी लिन युनशी. पत्ता तुला माहीत आहे. आम्ही समुद्र बघायला परदेशी जातोय. तू आमच्याबरोबर येतेस का?"

तुकडे पडले. डुलले.

आत्यानं सुस्कारा सोडला. "हसली."

"हसणारच," आमा डोळे न उघडता म्हणाली. "एका बोलावण्यात कोण येतं?"

"मात्सूमाय, चल ना," युनशी म्हणाली. "तुझ्याशिवाय आमा यायची नाही."

देवी पुन्हा हसली. पण ह्या वेळी एक तुकडा डुलता डुलता बराच वेळ विचार करत राहिला.

"आता पाघळायला लागली," आमा पुटपुटली.

"मात्सूमाय, तू यायलाच हवंस. इतकी वर्षं तू लोकांना समुद्रातून परत आणलंस. ह्या वेळी तू नुसतं काठावर बस. चहा मी देईन."

एक उताणा. एक पालथा.

युनशीनं तुकडे उचलले आणि तितक्याच उंचीवरून पुन्हा सोडले. एक फरशीवर नीट बसला, दुसरा उडून भिंतीला लागला आणि पालथा पडला. दुसरा होकार. खालून ओआ जिना चढून वर आला. सगळे एका जागी जमलेत म्हणजे खायला काहीतरी असणार, ही त्याची खात्री.

तिसऱ्यांदा युनशीनं डोळे मिटूनच तुकडे सोडले. लाकडाचा आवाज आला, मग घरंगळल्याचा, मग आईचा आवाज, "अरे, अरे!"

तिनं डोळे उघडले. एक तुकडा देवीसमोर उताणा पडला होता. दुसरा, तोही उताणाच, डुलत डुलत दाराकडे गेला होता आणि ओआच्या पंजाला लागून थांबला होता. ओआनं त्याचा वास घेतला. जुनी ओळख पटली असावी, कारण त्यानं दचकून पाय झटकला. तुकडा उलटला आणि पालथा पडला.

सगळे त्या तुकड्याकडे वाकले.

"हे धरायचं नाही," बाबा म्हणाले. "कुत्रा मध्ये आला. पुन्हा टाक."

"बाबा बरोबर बोलतायत," युनशी नाइलाजानं म्हणाली. "बाहेरचा धक्का लागला. हा निकाल होत नाही."

"गप्प बसा दोघं," आमा म्हणाली. ती वाकली, कुरकुरत्या गुडघ्यानं वाकली, आणि ओआचा कान धरून त्याचं डोकं कुरवाळलं. "बिघडवलं ह्यानं, आणि सरळही ह्यानंच केलं. ह्याच्यापेक्षा मोठा होकार कुठला आणणार? झालं. ती येतेय."

आत्यानं टाळ्या वाजवल्या. ओआला काही कळलं नाही, पण तोही भुंकला.

"आता बेट विचारू," बाबा म्हणाले. "आधी जेजू."

"पाहुणीला कुठे नेऊ म्हणून विचारतात का?" आमा म्हणाली. "यजमानानं न्यायचं असतं." मग जरा थांबून, खाली बघत ती म्हणाली, "आणि इतक्या दिवसांत मला कुणी विचारलंच नाही, मला कुठे जायचंय."

"कुठे जायचंय, आमा?" युनशीनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"जिथे पाय दिसतात तिथे."

"गेलं माझं पाय चोळणं," आत्या म्हणाली, पण तोवर ती फोनवर जागा शोधायलाही लागली होती.

*

विमानतळावर आमा देवीला लाल कापडात गुंडाळून छातीशी धरून उभी होती. सामान तपासायच्या यंत्रात तिला घालायला आमानं साफ नकार दिला. "माणसाला घालतोस का ह्यात?" तिनं विचारलं. तपासणारा तरुण आधी कपाळाला आठ्या घालून आला, कापड बाजूला झाल्यावर मात्र त्यानं हात पुसले. "माफ कर, मात्सूमाय, नियम आहे," असं म्हणून त्यानं तिला दोन्ही हातांनी उचललं, खालून-वरून पाहिलं आणि तोंड आमाकडे करून परत दिली. जपानमध्ये उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं बोट दाखवून काहीतरी विचारलं तेव्हा आत्या आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "आमची आजी." त्यानं आमाकडे पाहिलं, मग मूर्तीकडे पाहिलं, आणि दोघींनाही वाकून नमस्कार केला.

मियाकोला पोचले त्या दुपारी वारा पडला होता. पाणी काठाशी इतकं स्वच्छ की ते आहे की नाही हे लाट आली तरच कळायचं. बाबांनी वाळूत छत्री रोवली, सावलीत लाल कापड अंथरलं, देवीला समुद्राकडे तोंड करून बसवलं आणि थर्मासमधून तीन वाट्या चहा ओतला. आई छत्रीच्या दुसऱ्या अर्ध्या सावलीत आडवी झाली आणि म्हणाली, "जेवण कधी येणार कुणास ठाऊक. आलं की उठवा. कुणी केलंय ते सांगू नका."

आमा मात्र वांगगोंगहून आणलेले रबरी बूट घालून पाण्याकडे निघाली.

"आमा! बूट काढ ना."

"समुद्रात अनवाणी? वेड लागलंय? पाय चिरतील कालवांनी."

"इथे कालवं नाहीत. नुसती वाळू आहे."

"तुला काय माहीत खाली काय आहे?"

"दिसतंय की, आमा. खाली बघ."

आमानं खाली पाहिलं. घोटाभर पाण्यात तिचे बूट स्वच्छ दिसत होते. डाव्या बुटाला बाबांनी मारलेलं ठिगळसुद्धा. ती आणखी पुढे गेली, पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. बूट दिसतच राहिले. ती आ वासून उभी राहिली. मग बुटांत पाणी शिरलं आणि ती दचकून ओरडली, "अगं गार!"

युनशीच्या खांद्याला धरून तिनं एकेक बूट काढला. बाबा गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंत आले, बूट घेतले, आणि पळत काठावर परतले.

"भितो," आत्या लांबून ओरडली.

"बूट सुकवायला चाललोय!"

आमा हळूहळू चालली, पाय चाचपत, जन्मभराच्या सवयीनं. मग चाचपायची गरज नाही हे लक्षात येऊन जरा भराभर. पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. तिथे ती थांबली आणि युनशीचा हात घट्ट धरला. एक बोटाएवढा मासा आला, आमाच्या अंगठ्याभोवती एक फेरी मारली आणि निघून गेला. आमानं उजवा पाय जरासा उचलला, खाली ठेवला. मग डावा. आपण सांगतो तेव्हाच ते हलतात की नाही ते तिनं दोनदा तपासून पाहिलं.

मग ती हसायला लागली. आवाज न करता, डोळे पाण्यावर ठेवून, सगळं अंग डुलवत ती हसत राहिली. काठावरून आत्या "काय झालं गं?" म्हणून विचारत होती. युनशी आमाला धरून उभी राहिली आणि तिनं उत्तर दिलं नाही.

बऱ्याच वेळानं आमानं हसू आवरलं, मान वाकवून पुन्हा एकदा नीट निरखलं, आणि म्हणाली, "नखं कापायला झालीत."